पडद्यावरचा खेळ आणि घरांतलीं मुलें

रात्रीचे आठ वाजले आहेत. स्वयंपाकघरांत पानें वाढलीं आहेत, आणि बारा वर्षांचा मुलगा बैठकीच्या खोलींत मोबाइलवर मान वांकवून बसला आहे. आई हांक मारते, उत्तर येतें, "थांब ग आई, एवढा डाव संपूं दे." दुसरी हांक जाते, तिसरी जाते; मग वडील उठतात, मोबाइल हातांतून ओढून घेतात, मुलगा पाय आपटून आंतल्या खोलींत निघून जातो, आणि वाढलेलें पान तसेंच निवत राहतें. ज्या घरांत शाळेंत जाणारें मूल आहे त्या घराला हा प्रसंग नवा वाटणार नाहीं.

गंमत अशी कीं, "एवढा डाव संपूं दे" हें वाक्य त्या मुलाच्या आजोबांनींहि लहानपणीं आपल्या आईला शेंकडों वेळां ऐकविलेलें असतें. डाव त्या वेळीं विटीदांडूचा असे, लगोऱ्यांचा असे, आट्यापाट्यांचा असे. परंतु आजोबांचा डाव अंधार पडला कीं मोडत असे. विटी दिसेनाशी होई, एखादा गडी घरीं निघून जाई, चेंडू कोणाच्या तरी माडीवर अडकून बसे, आणि मुलें आपण होऊन पांगत. खेळ थांबविण्याचें काम सूर्यानें आणि परिस्थितीनें केलेलें असे. वडिलांना त्यांत फारसें लक्ष घालावें लागत नसे. मोबाइलवरच्या खेळाला अंधार पडत नाहीं. म्हणून मुलांना किती वेळ खेळूं द्यावें हें ठरविण्यापूर्वीं, हे खेळ संपतात कसे आणि ते संपवावयाचे कोणीं, याचा विचार आईबापांनीं आधीं करणें अगत्याचें आहे.

येथें एक सावधगिरी मात्र बाळगिली पाहिजे. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या करमणुकीकडे संशयानें पाहत आली आहे. कादंबऱ्या वाचल्यानें मुली बिघडतात असें मानणारीं घरें एके काळीं महाराष्ट्रांत थोडीं नव्हतीं; पुढें सिनेमाची पाळी आली, त्यानंतर टेलिव्हिजनची. पत्त्यांचें तर नांवच काढावयास नको. वडीलधाऱ्यांनीं नाक मुरडलें एवढ्यावरून एखादी गोष्ट वाईट ठरत नाहीं. पण "तेव्हां सिनेमाला नांवें ठेवीत, आतां व्हिडिओ गेमला ठेवितात" एवढें म्हणून मोकळें होणेंहि बरोबर नव्हे. कादंबरीला शेवटचें पान असतें, आणि सिनेमा संपला कीं थिएटरांतले दिवे लागतात.

व्हिडिओ गेमलाहि प्रथम शेवट होता. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'पाँग' नांवाचा टेबल-टेनिससारखा खेळ बाजारांत आणला आणि या धंद्याला खरें तोंड लागलें. १९७८ मध्यें जपानांत 'स्पेस इन्व्हेडर्स' व १९८० मध्यें 'पॅक-मॅन' हे खेळ निघाले. ते दुकानांत मांडलेल्या यंत्रांवर नाणें टाकून खेळावयाचे असत. अशा यंत्राच्या मालकाचा फायदा खेळणारा लवकर हरण्यांत असे. कारण तो हरला म्हणजे त्यानें दुसरें नाणें टाकावें, नाहीं तर मागें उभ्या असलेल्या मुलाला जागा करून द्यावी. त्यामुळें ते खेळ अवघड आणि आखूड होते. पुढें यंत्र घरांत आलें. १९८५ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' निघाला, आणि १९९० नंतरच्या दशकांत आपल्या शहरांतूनहि टेलिव्हिजनला जोडावयाचीं स्वस्त यंत्रें व त्यांच्या कॅसेटी दिसूं लागल्या. आज जे वडील मुलाच्या हातांतून मोबाइल ओढून घेतात, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं हा मिशीवाला मारिओ उन्हाळ्याच्या सुट्टींत दुपारभर पळविलेला आहे. त्या खेळांत एकंदर आठ जगें होतीं. आठवें जिंकलें, राजकन्या सुटली, खेळ संपला. कॅसेट एकदां विकली गेल्यावर मूल ती रोज खेळतें कीं कपाटांत टाकून देतें, याच्याशीं कंपनीला फारसें कर्तव्य नसे.

मोबाइल आल्यावर हा सारा हिशेब पालटला. पुष्कळसे खेळ आतां फुकट मिळतात. त्यांची कमाई जाहिरातींतून आणि खेळतां खेळतां होणाऱ्या किरकोळ खरेदींतून, म्हणजे एखादा रंगीत पोशाख, एखादें चकचकीत शस्त्र, कांहीं नाण्यांची थैली यांतून होते. ही खरेदी व्हावयाची तर गिऱ्हाइकानें दुकानाबाहेर पडतां कामा नये. तेव्हां आठवें जग नाहींसें झालें. त्याच्या जागीं रोज हजेरी लावणाऱ्याला रोज एक भेट मिळूं लागली. एक दिवस चुकला तर हजेरीची सांखळी तुटूं लागली. दर कांहीं आठवड्यांनीं नवा 'सीझन' सुरू होऊं लागला, आणि तो संपण्यापूर्वीं अमुक पायरी गांठली नाहीं तर केलेली मेहनत वांया जाऊं लागली.

यांतली सर्वांत चतुर युक्ति बंद पेटीची. पेटी उघडण्यापूर्वीं आंत काय निघेल हें ठाऊक नसतें; बहुधा क्षुल्लक वस्तु निघते, क्वचित् एखादी दुर्मीळ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर यांनीं कबुतरांवर दीर्घकाळ प्रयोग करून १९५७ मध्यें आपल्या सहकाऱ्यासह त्यांचें विस्तृत वर्णन प्रसिद्ध केलें. कळीवर चोंच मारली कीं प्रत्येक वेळीं दाणा मिळतो अशी संवय झालेलें कबूतर, दाणा बंद झाला कीं लवकरच चोंच मारणें सोडून देतें. परंतु कधीं तिसऱ्या खेपेला, कधीं तेराव्या खेपेला, असा अनियमितपणें दाणा मिळालेलें कबूतर दाणा बंद झाल्यावरहि कितीतरी वेळ चोंच मारीतच राहतें. जुगारी अड्ड्यांतील यंत्रें याच तत्त्वावर चालतात. बेल्जम सरकारच्या जुगार-नियंत्रक मंडळानें २०१८ मध्यें पैसे देऊन उघडावयाच्या अशा कांहीं पेट्या जुगारांत मोडतात असें ठरविलें. अमेरिकेंत 'फोर्टनाइट' या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीनें डिसेंबर २०२२ मध्यें सरकारच्या व्यापार आयोगाशीं तडजोड करून एकंदर ५२ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. त्यांपैकीं साडेचोवीस कोटि हे खेळणाऱ्यांकडून नकळत खरेदी करविली या आरोपाबद्दलचे, आणि बाकीचे मुलांची खासगी माहिती गोळा केल्याच्या आरोपाबद्दलचे होते.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, मोबाइल खालीं न ठेवणाऱ्या मुलाला घरांत "तुला मनोनिग्रहच नाहीं" असें ऐकविण्यांत येतें. तें अन्यायाचें आहे. पडद्याच्या पलीकडे शिकलेसवरलेले, पगारी लोक बसलेले असतात, आणि मुलानें मोबाइल खालीं ठेवूं नये हीच त्यांची नोकरी असते. बारा वर्षांच्या मुलानें त्यांच्याशीं एकट्यानें झुंजावें ही अपेक्षाच चुकीची. चाळीस वर्षांच्या आईचेंहि 'कँडी क्रश'पुढें फारसें चालत नाहीं, हें घरांतल्या सर्वांना ठाऊक असतें.

अर्थात् सगळे खेळ एका माळेचे मणी नव्हेत. मॉस्कोंतील संगणकतज्ज्ञ अलेक्सेय पाझितनोव्ह यांनीं १९८४ मध्यें रचलेला 'टेट्रिस' हा ठोकळे बसविण्याचा खेळ डोक्याला चांगली चालना देतो. मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारा मुलगा बुद्धिबळच खेळत असतो. स्वीडनमध्यें जन्मलेल्या आणि २०११ मध्यें पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झालेल्या 'माइनक्राफ्ट'मध्यें मुलें चौकोनी ठोकळ्यांचीं घरें, किल्ले, बोगदे बांधतात. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करण्याला ज्यांच्या घराला अंगणच नाहीं, अशा मुलांना हा खेळ आवडला तर नवल नाहीं. किल्ला पुरा झाला कीं मूल तो बाबांना दाखवावयास येतें. खेळ चांगला कीं वाईट हें ओळखण्याची ती एक बरी खूण आहे : त्या खेळाविषयीं मुलाला दुसऱ्याला सांगण्यासारखें कांहीं असतें कीं नाहीं ?

ज्या खेळावरून घरांत सर्वांत अधिक भांडणें होतात तो मात्र निराळ्या जातीचा. 'पब्जी' या नांवानें तो आपल्याकडे प्रसिद्ध झाला. २०१९ मध्यें राजकोट, सुरत वगैरे शहरांतून पोलिसांनीं त्यावर बंदी घातली. केंद्र सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून ११८ ॲपें बंद केलीं, त्यांत तो होता. जुलै २०२१ मध्यें तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नव्या नांवानें परत आला, आणि त्या वेळीं अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीं दिवसाला तीन तासांची मर्यादा त्यांत ठेवण्यांत आली. तीन तास ! शाळेंत जाणारा कोणता मुलगा रोज तीन तास गणितास देतो ?

हा खेळ कसा चालतो हें आईबापांनीं एकदां शेजारीं बसून पाहावें. शंभर खेळाडू विमानांतून एका बेटावर उतरतात, शस्त्रें गोळा करितात, खेळण्याचें क्षेत्र भोंवतालून आकुंचित होत जातें, आणि शेवटीं जो एकटा किंवा ज्या चौघांची तुकडी शिल्लक राहील ती जिंकते. शेवटपर्यंत तग धरली तर मोठ्या बेटावरचा एक डाव सुमारें अर्धा तास चालतो. तो मध्येंच थांबवून ठेवतां येत नाहीं. तुकडींतले इतर तिघे बहुधा त्याच मुलाच्या वर्गांतले असतात, आणि एक जण मध्येंच निघून गेला तर बाकीचे तिघे उघड्यावर पडतात. मग दुसऱ्या दिवशीं शाळेंत त्याला "तूं पळून गेलास" हें ऐकावें लागतें, आणि पुढच्या वेळीं त्याच्या जागीं दुसऱ्याला घेतात. जे वडील ठीक आठ वाजतां मोबाइल ओढून घेतात, त्यांना घड्याळांतले आठ दिसत असतात. मुलाला आपण तिघां मित्रांना तोंडघशीं पाडलें हें दिसत असतें. षटकाचे तीन चेंडू झाले असतां फलंदाजाच्या हातची बॅट काढून घ्यावी, तसें तें आहे. मुलगा ओरडतो तो केवळ लाडावल्यामुळें नव्हे.

म्हणून अशा खेळाला मर्यादा घालावयाची ती मिनिटांची न घालतां डावांची घालावी. "आज एक डाव" म्हटलें कीं मुलाला तें समजतें, त्याच्या मित्रांनाहि समजतें. जेवण आठ वाजतां असेल तर साडेसातनंतर नवा डाव सुरू होऊं नये. भांडण टाळावयाचें तर लक्ष डावाच्या आरंभावर ठेवावें लागतें, शेवटावर नव्हे. ज्या खेळांत डावच नसतात, जो पेटीमागून पेटी, पायरीमागून पायरी असा चालतच राहतो, त्याला घड्याळाचा गजर लावणें भाग आहे. आणि ज्या खेळांत अनोळखी माणसांशीं बोलावें लागतें किंवा पैसे भरावे लागतात, तो दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातीं मुळींच न दिलेला बरा. खरेदीचा सांकेतिक शब्द आईवडिलांपाशींच राहिला पाहिजे, हें सांगावयासहि नको. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ ही तर निराळीच बाब. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें त्यांना बंदी करणारा कायदाच केला आहे, आणि त्यांत वयाचा प्रश्न येत नाहीं.

डाव किती, हें ठरविण्याचा एक सोपा मार्ग आहे. हिशेब उलट्या बाजूनें मांडावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोंप लागते असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ मध्यें सांगितलें; तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. अकरा वर्षांच्या मुलाची झोंप नऊ तास धरली, शाळा व जाणें-येणें साडेसात तास, जेवणखाण-आंघोळ दोन तास, अभ्यास दोन तास, आणि बाहेर उघड्यावर खेळणें दोन तास, तर साडेबावीस तास होतात. उरला दीड तास. त्यांतच गोष्टीचें पुस्तक, आजीशीं गप्पा आणि नुसतेंच खिडकींत बसणें आलें. त्यांतून शाळेच्या दिवशीं एका डावाला जागा निघते, रविवारीं दोन-तीन डावांना. शिकवणीचा वर्ग लावलेला असेल तर तीहि निघत नाहीं, आणि मग शिकवणी खरोखर हवी काय याचाहि विचार करावा लागतो. दोन वर्षांच्या आंतील मुलापुढें पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसांतून एक तासाहून अधिक नको, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें आहे. मूल भरवतांना मोबाइल पुढें धरणाऱ्या घरांनीं हें लक्षांत घ्यावें.

वरच्या हिशेबांतले उघड्यावरचे दोन तास कोणाला चैनीचे वाटतील. तैवानांत शाळकरी मुलांचे डोळे झपाट्यानें अधू होऊं लागले, तेव्हां तेथील सरकारनें २०१० पासून मुलांनीं रोज १२० मिनिटें बाहेर उजेडांत राहावें अशी मोहीम शाळाशाळांतून चालविली, आणि त्यानंतर मुलांच्या दृष्टिदोषाचें प्रमाण उतरूं लागलें. डोळ्यांचें नुकसान होतें तें जवळचें सारखें पाहण्यानें, आणि तितकेंच दिवसाचा उजेड न मिळाल्यानें. मोबाइल काढून घेऊन त्याच मुलाला खोलींत पुस्तकापुढें बसविल्यानें हा दोष भरून निघत नाहीं.

या खेळांनीं मुलें हिंसक होतात काय, यावर पुष्कळ वाद झाला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें हिंसक खेळ अल्पवयीनांस विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनीं रद्द केला. खेळांमुळें मुलें हिंसक कृत्यें करितात असें सिद्ध झालेलें नाहीं, असें बहुमतानें म्हटलें. विद्वानांचा वाद त्यानंतरहि चालूच आहे. उलट बाजूनें, २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत वेगवान खेळ खेळणाऱ्यांची दृष्टि एकाच वेळीं अनेक वस्तूंवर अधिक चांगली राहते असें आढळलें. परंतु त्यावरून खेळणारा मुलगा भूगोलांत हुशार होईल असें कोणीं समजूं नये.

व्यसनाविषयीं मात्र जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट लक्षणें दिलीं आहेत. १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकृतीचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येत जाणें, आणि नुकसान दिसत असूनहि खेळत राहणें हीं तीं तीन लक्षणें. तीं सामान्यतः बारा महिने टिकलीं आणि त्यांमुळें शिक्षण, घर, मैत्री यांची खरोखर हानि झाली, तरच तो विकार म्हणावयाचा. खेळणाऱ्या मुलांपैकीं बहुतेक या व्याख्येंत बसत नाहींत. सुट्टींत चार दिवस मोबाइलला चिकटलेल्या मुलाला व्यसनी म्हणणें ही अतिशयोक्ति आहे. पण जो मुलगा मित्रांना भेटेनासा झाला, रात्रीं पांघरुणांत खेळतो, घरांतून पैसे उचलतो, ज्याची शाळा सुटत चालली आहे, त्याला मारून किंवा देवापुढें शपथा घालून उपयोग नाहीं, डॉक्टरांकडे न्यावें. बंगळूरच्या निमहान्स संस्थेंत अशा मुलांसाठीं २०१४ पासून स्वतंत्र उपचार-केंद्र आहे, आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक मराठींतूनहि सल्ला देतो.

हें सारें काम सरकारनेंच कां करूं नये, असें पुष्कळांना वाटतें. कांहीं सरकारांनीं तें करून पाहिलें. दक्षिण कोरियानें २०११ मध्यें सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद केले. मुलें आईवडिलांच्या नांवावर खेळूं लागलीं, पुढें मोबाइलवर खेळूं लागलीं, आणि २०२१ मध्यें तो कायदा रद्द करण्याचें ठरून २०२२ च्या आरंभीं तो गेला. चीननें ऑगस्ट २०२१ मध्यें त्याहून कडक नियम केला : अठरा वर्षांखालच्या मुलानें ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशीं, रात्रीं आठ ते नऊ एवढाच एक तास खेळावा. तेथेंहि आजीआजोबांच्या नांवचें खातें हा मार्ग मुलांनीं शोधलाच. जपानांतील कागावा प्रांतानें २०२० मध्यें दिवसाला साठ मिनिटें, सुट्टीला नव्वद, असा नियम केला; पण मोडणाऱ्यास शिक्षा ठेविली नाहीं, आणि तो पाळण्याचें काम अखेर घराकडेच सोंपविलें.

घरानें तें करावयाचें तर ठराव भांडणाच्या वेळीं न करतां रविवारच्या सकाळीं, चहाच्या वेळीं, मुलाला बरोबर घेऊन करावा. त्याचें म्हणणें ऐकावें, आणि तें रास्त असेल तर एखादा डाव वाढवूनहि द्यावा. एकदां ठरलें म्हणजे पाहुणे आले, आई थकली, म्हणून "घे मोबाइल आणि बस तिकडे" असें होऊं नये. अभ्यास केलास तर खेळ, असा सौदाहि शक्य तों टाळावा. त्यानें खेळाची किंमत वाढते आणि अभ्यासाची उतरते. रात्रीं घरांतले सगळे मोबाइल बैठकीच्या खोलींत एका जागीं ठेवावे. सगळे म्हणजे वडिलांचासुद्धां. जेवतांना वडिलांच्या ताटाशेजारीं मोबाइल उजळत असेल, तर मुलाच्या हातचा काढून घेतांना त्यांच्या आवाजांत कितीहि जरब असली तरी तिचा उपयोग होत नाहीं.

शिवाय डाव संपल्यावर मुलाला जावयास कांहीं जागा हवी. शहरांतल्या पुष्कळ इमारतींच्या आवारांत "येथें खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी असते. चेंडू मोटारींच्या कांचांना लागतो, दुपारीं गलका होतो, म्हणून ती सभेंत ठराव करून लावलेली असते. आणि ठरावाला हात वर करणारे बहुधा तेच गृहस्थ असतात, जे रात्रीं आठ वाजतां मुलाच्या हातांतला मोबाइल ओढीत असतात. पुढच्या वार्षिक सभेंत संध्याकाळीं पांच ते सात मोटारी एका कडेला लावाव्या आणि उरलेली जागा मुलांना मोकळी ठेवावी, एवढा एक विषय कोणीं मांडला, तर कांच फुटल्यास तिचा खर्च कोणीं द्यावयाचा हेंहि त्याच सभेंत ठरवितां येईल.